गोलकीपरचा पासपोर्ट

पेण ठाण्यातला तो आठवडा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. त्यांतली निम्मी प्रकरणं आज नीट आठवतही नाहीत. पण चार रबरी साच्यांची ही चोरी आठवते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी पेणला फौजदार होतो. निवडणुकीचा बंदोबस्त नुकताच संपला होता आणि शिमग्याचा तोंडावर आला होता. अशा मधल्या दिवसांत फौजदाराच्या टेबलावर साठलेले कागद असतात. सोमवारी सकाळी त्यात अलिबागहून आलेला पासपोर्ट चौकशीचा एक फॉर्म निघाला. वर लाल शाईत 'तातडीचे' असं लिहिलेलं होतं.

अर्जदार पेणच्या खाडीकाठच्या एका गावातला, वय तेवीस, वडील मिठागरावर कामाला. सोबत फुटबॉल संघटनेचं पत्र जोडलं होतं. दक्षिण आशियातल्या देशांच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा श्रीलंकेत होणार होती आणि आपल्या संघाच्या शिबिरासाठी या माणसाची गोलकीपर म्हणून निवड झाली होती. शनिवारपर्यंत पासपोर्ट जमा केला नाही तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेतला जाईल, असं पत्राच्या शेवटी स्पष्ट लिहिलं होतं.

मी खरं तर चकित झालो. आमच्या तालुक्यात क्रिकेट आणि कबड्डी. खाडीकाठच्या खारपट्ट्यातला एक पोरगा देशाकडून फुटबॉल खेळायला परदेशात जातोय, हे मला वर्तमानपत्रातून नव्हे तर चौकशीच्या फॉर्मवरून कळत होतं. या लेखात कुणाचं नाव लिहिणार नाही. त्याला पेणकर म्हणू.

त्याच सोमवारी, साडेबाराच्या सुमाराला, ठाणे अंमलदाराने फोन ठेवला आणि तो माझ्याकडे आला.

"साहेब, जोह्याच्या साच्यांची खबर आहे. नाव सांगितलं नाही."

हे साचे दोन दिवसांपूर्वी चोरीला गेले होते. पेणजवळच्या जोहे गावातल्या एका गणपती कारखान्यात शनिवारी दुपारी सगळे कामगार लग्नाला गेले असताना कुणीतरी कुलूप उघडून चार मोठे साचे नेले होते. बाहेरच्या माणसाला वाटेल, रबरी साच्यात काय एवढं? पण कारखानदाराची वर्षभराची कमाई त्याच्या साच्यात असते. ज्या मूर्तीला मागणी, तिचा साचा गेला की हंगाम गेला. कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ली पाण्याच्या टाकीमागे खिळ्याला असायची आणि ते फक्त कामावरच्या लोकांना माहीत होतं. म्हणून आमचा संशय पहिल्यापासून कामगारांवर होता.

"काय म्हणाला?"

"साचे हवेत तर अमक्या गावात, अमक्याच्या घरामागच्या पेंढ्याच्या उडवीत बघा."

त्याने नाव सांगितलं. मी टेबलावरचा फॉर्म पाहिला. तेच नाव होतं. पेणकर मुंबईच्या एका संघाकडून खेळायचा, पण कायमची नोकरी नव्हती. सामने नसले की तो जोह्याच्या त्याच कारखान्यात मूर्ती साच्यातून काढायचं काम करायचा.

दोन पंच घेऊन आम्ही दोन वाजता गावात पोचलो. घरात पेणकर आणि त्याची आई होती. पोलीस पाटलांना बोलावलं. शिपायाने उडवीत हात घातला आणि पाचव्या मिनिटाला पांढरी गोणी बाहेर ओढली. आत चारही साचे होते.

आईने हंबरडा फोडला. "माझ्या पोरानं चोरी केली नाय, साहेब! तो बांधावर धावायला गेलता!"

"गप गो, साहेबांना काम करू दे," पाटील म्हणाले.

इथे मी एक गोष्ट टिपली होती. झडतीच्या वेळी चोराची नजर एकतर माल असलेल्या जागेवर जाते, नाहीतर मुद्दाम त्या जागेवरून हटते. हा उभा सहा फुटी माणूस पूर्णवेळ आईकडे पाहत होता. उडवीकडे त्याने पाहिलं ते गोणी बाहेर आल्यावर, आणि तेही न समजल्यासारखं.

दुसरी गोष्ट गोणीची. खाडीकाठच्या घरातली कुठलीही गोणी मिठाने कडक झालेली असते. ही नवी कोरी होती, आत प्लास्टिकचं अस्तर होतं आणि शिवणीत पिवळी भुकटी अडकली होती. माझ्या बोटाला लागलेला तो पिवळा डाग दोन दिवस साबणाने गेला नाही. आमचे एक हवालदार रोह्याकडचे होते. त्यांनी गोणी हातात घेतली आणि म्हणाले, "साहेब, ही आमच्या रोह्याजवळच्या धाटावची. रंगाच्या कंपनीत माल यातच येतो. रोह्यात निम्म्या घरांच्या पडवीला पावसाळ्यात हीच बांधतात."

मी गावात विचारलं, "दोन दिवसांत कुणी नवा माणूस आला होता का?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "नाय." मी ते लिहून घेतलं. माझा प्रश्न चुकीचा होता हे नंतर कळलं.

चार वाजता आम्ही ठाण्यात परतलो. पेणकरचा जबाब सुरू केला. शनिवारी दुपारी लग्नात जेवून तो लवकर निघाला होता आणि बांधावर धावत होता. पाहणारं कुणी नाही. धाटावच्या कंपनीत ओळखीचं कोण आहे, असं विचारल्यावर म्हणाला, "एकच. दादा. पण त्याचा काय संबंध?"

एवढ्यात तो दादाच दारात उभा राहिला. याला रोहेकर म्हणू. बत्तीस-तेहेतीस वर्षांचा, धाटावच्या कंपनीत ऑपरेटर आणि कंपनीच्या संघाचा गोलकीपर. उजव्या हाताची करंगळी मोडून वाकडी जुळलेली होती. घामाघूम झाला होता.

"साहेब, याला सोडा. मी याला सतराव्या वर्षापासून बघतोय. सहा वर्षं दर रविवारी पयल्या गाडीनं रोह्याला येतो. मीच शिकवलाय त्याला. चोरी करणारा पोरगा नाय हा."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. पेणकर उठून त्याच्या गळ्यात पडला. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"दुपारी रोह्यात कुणीतरी बोललं. तसाच गाडीत बसलो."

मी मान डोलावली. संध्याकाळी पाटलांच्या हमीवर पेणकरला घरी सोडलं आणि रोज हजेरीला यायला सांगितलं. आमचे निरीक्षक मात्र वैतागले. "माल मिळाला, माणूस मिळाला. अटक दाखवा आणि पासपोर्टवर 'शिफारस नाही' लिहून टाका. गुंता कशाला वाढवताय?"

मी एक दिवस मागून घेतला.

घरी जाण्यापूर्वी ठाणे डायरी वाचायची मला सवय होती. त्यात झडतीची वेळ होती, दुपारी दोन. आणि रोह्याहून पेणकडे दुपारी एकच पॅसेंजर, ती सुटते एकच्या आत. म्हणजे आम्ही उडवीत हात घालण्याच्या तासभर आधी तो माणूस रोह्याला गाडीत बसला होता. कुणीतरी सांगितलं म्हणतो, पण तेव्हा सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. सोमवारी संध्याकाळी सात वाजता मला चोर कळला होता.

आता पुरावा हवा होता. निनावी फोन रोह्याकडून आला असेल तर तो एसटीडी बूथवरून. त्या काळी बूथवाले नंबर आणि वेळ वहीत लिहायचे. कोणत्या बूथवरून पेण ठाण्याचा नंबर लागला, एवढं सापडलं की काम झालं. रीत सोपी होती. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत तपासाला जायचं तर तिथल्या प्रभारी अधिकाऱ्याला कळवायचं, त्यांचा माणूस सोबत घ्यायचा.

आणि इथेच माझी गाडी अडली. कारण रोह्याचा प्रभारी माझ्याच तुकडीतला होता. नाशिकला प्रशिक्षणात आम्ही शेजारच्या खाटांवर झोपत होतो. परेडमध्ये, कायद्याच्या पेपरात मी त्याच्या पुढे. पण आदल्या वर्षी तो सहायक निरीक्षक झाला आणि मी फौजदारच राहिलो. त्याच्या बढतीचं मी तोंडभरून अभिनंदन केलं होतं. त्यानंतर वर्षभरात रोह्याचं कुठलंही काम निघालं की मी हवालदाराला पाठवायचो. त्याच्यासमोर उभं राहून 'सर' म्हणायची माझी तयारी नव्हती. हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी साफ नाकारलं असतं.

मंगळवारी मी साध्या कपड्यात पॅसेंजरने एकटाच गेलो. कासू गेलं, नागोठणं गेलं, आणि मी मनात स्वतःला समजावत होतो की गुप्तता राखणं तपासाच्या हिताचं आहे. रोह्यात स्टेशनजवळचे बूथ पाहिले, बाजारातले पाहिले. काहींनी वही दाखवली, काहींनी नाही. दिवस गेला. बुधवारी पुन्हा गेलो. पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात शिरलो. तिथल्या एका बूथवाल्याने माझं ओळखपत्र नीट वाचलं आणि परत दिलं.

"तुम्ही पेणचे, साहेब. आमच्या साहेबांची चिठ्ठी आणा, लगेच वही देतो. उद्या मला त्यांनी विचारलं तर?"

त्याचं बरोबर होतं. रोहे ठाणं तिथून चालत पंधरा मिनिटांवर होतं. मी परतीची गाडी पकडली.

गुरुवारी सकाळी पेणकर हजेरीला आला. सही केली, बाकड्यावर बसला आणि बोटं एकमेकांत अडकवून सोडवत राहिला. मग म्हणाला, "साहेब, शनिवारी पासपोर्ट द्यायचाय. जमंल ना?"

मी जीप काढली आणि सरळ रोहे ठाण्यात गेलो.

माझा तो जुना सोबती खुर्चीतून उठून पुढे आला. सॅल्यूट करायला हात उचलला तर त्याने तो मध्येच धरला. "अरे, बस! वर्षभर तोंड दाखवलं नाहीस." मी हकीकत सांगितली. त्याने चहा मागवला आणि शिपाई अष्टमीला पाठवला. चहा संपायच्या आत वही टेबलावर होती. सोमवारी बारा वाजून चोवीस मिनिटं, पेण ठाण्याचा नंबर. बूथवाला स्वतः सोबत आला होता. "वाकड्या करंगळीचा माणूस, साहेब. कंपनीच्या टीमचा गोली. त्याला कोण नाय ओळखत?"

माझा सोबती वही पाहत सहज बोलून गेला, "परवाच का नाही आलास?"

मी वहीतली नोंद उतरवून घ्यायला लागलो.

रोहेकरला कंपनीतून शिफ्टवरूनच आणलं. त्याच्या घरी मी एका महिला शिपायाला घेऊन गेलो होतो. त्याची बायको दाराला धरून उभी राहिली. नवऱ्याने काय केलं हे तिला माहीत नव्हतं, पण तिने सांगितलेली एक गोष्ट मी शब्दशः लिहून घेतली. ती म्हणाली, "त्या पोराचं निवडीचं पत्र आलं त्या दिवशी यांनी त्याला उचलून घेतला, पेढे वाटले. आन् घरी येऊन ताट भिरकावलं, भाजीत मीठ नाय म्हणून. मीठ होतं, साहेब. मी चाखून बघितलं."

चौकशीत मी आवाज चढवला नाही. वही त्याच्यापुढे ठेवली. गाडीची वेळ सांगितली. झडतीची वेळ सांगितली. गोणी दाखवली. त्याने वाकडं बोट वहीतल्या त्या नोंदीवर ठेवलं.

"किल्ली कुठं असते ते म्हाईत होतं मला," तो बोलला. "किती वेळा त्याच्याबरोबर जोह्याला गेलोय. शनिवारी सगळी लग्नाला जाणार, हे त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. स्कूटरवरून नेले साचे. रविवारी तो रोह्याला मैदानावर असतो आन् घरची सगळी मिठागरावर. शिफ्ट आहे म्हणून मी मैदानावर गेलो नाय, तवाच ठेवून आलो."

"गावात कुणी पाहिलं नाही?"

"शेजारची म्हातारी होती अंगणात. तिनं पाणी दिलं मला."

मी गावात 'नवा माणूस' विचारला होता. हा नवा नव्हताच. घरच्यासारख्या माणसाचं येणं कुणी सांगण्याजोगं धरत नाही. त्यानंतर मी प्रत्येक तपासात प्रश्न बदलला. कोण आलं होतं, एवढंच विचारू लागलो.

"पण का केलंत?"

"गोलकीपरला एकच जागा असते, साहेब. बाकी दहा जणांत कुणीतरी कुठंतरी बसतो. मला राज्याच्या संघातून एकदा बोलावणं आलं होतं, राखीव म्हणून. बोट मोडलं आणि परत आलो. मग हा आला. उंच, हात मोठे. मी याला सगळं दिलं. जे मला कुणी सांगितलं नव्हतं तेसुद्धा सांगितलं. पत्र आलं आणि कंपनीत जो तो माझ्याशी हात मिळवायचा. तुझा चेला गेला रे, गुरूचं नाव काढलं. मी हसायचो. दर वेळी हात मिळवताना मला वाटायचं, हा मला सांगतोय की तुझं संपलं." त्याने वही माझ्याकडे सरकवली. "तो हरला असता ना, साहेब, तर मी त्याला खांद्यावर घेऊन घरी आणला असता. जिंकलेल्या माणसाचं काय करायचं, ते मला कळंना."

"त्याला तुरुंगात घालायचं होतं?"

"नाय, नाय! फक्त ही एक येळ जायला नको होता तो. पुढच्या येळी जाऊ दे."

"मग ठाण्यात का आलात त्या दिवशी?"

"त्याला सोडवायला," तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "आन् तो रडतो का, ते बघायला. दोन्हीला."

चोरी आणि खोटी माहिती देणं, अशी कलमं लावून त्याला पेणला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेणकर ठाण्यात आला तेव्हा हवालदाराने त्याला सगळं सांगितलं होतं. तो कोठडीच्या गजांसमोर उभा राहिला. मी अडवलं नाही.

"मला सांगायचं होतंस, दादा."

"काय सांगायचं? जाऊ नको म्हणून?"

"व्हय. तसंच सांगायचं."

रोहेकर भिंतीकडे तोंड करून बसला. मला वाटतं, त्या पोराने सांगितल्यावर खरंच न जाण्याचा विचार केला असता, आणि हेच रोहेकरला सर्वांत जास्त लागलं असावं.

अनुकूल अहवाल घेऊन मी स्वतः शुक्रवारी अलिबागला गेलो. तिथल्या साहेबांनी माझ्यासमोर सही केली. पण कागद मुंबईला पोचेपर्यंत कार्यालय बंद व्हायची वेळ झाली आणि पुढचे दोन दिवस सुट्टी. पासपोर्ट सोमवारी हातात पडला. शनिवारीच शिबिरातून त्याचं नाव कमी झालं होतं आणि दुसरा गोलकीपर पोचलाही होता. मी संघटनेच्या कार्यालयात दोनदा फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "दोन दिवस आधी आला असता तर काही प्रश्नच नव्हता."

स्पर्धा झाली. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात चार ओळी येत. त्या मी रोज वाचायचो आणि घरात कुणी विचारलं तर पान उलटायचो.

पेणकरला पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या वयात चार-पाच जण रांगेत असतात आणि एकाची पाळी गेली की मागचा पुढे सरकतो. मुंबईच्या संघाकडून तो आणखी काही वर्षं खेळला, मग गावी परतला. रोहेकरला शिक्षा झाली, कंपनीतली नोकरी गेली. आरोपपत्रात गुन्ह्याचा हेतू म्हणून मी 'मत्सर' लिहिलं होतं आणि न्यायालयात त्यावर कुणी शंका घेतली नाही.

पण तपास अधिकाऱ्याला आरोपपत्रात स्वतःबद्दल काही लिहावं लागत नाही. सोमवारी संध्याकाळी मला आरोपी माहीत होता. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी रोहे ठाण्यात गेलो असतो, तर अकराला वही मिळाली असती आणि तो पोरगा श्रीलंकेला गेला असता. रोहेकरने त्याची वाट अडवली हे खरं. पण ती वाट मोकळी करायचं काम माझं होतं, आणि ते मी दोन दिवस केलं नाही. एका जुन्या मित्राच्या खांद्यावर एक तारा जास्त होता, एवढ्यासाठी. हेवा हा गुन्हेगारांचा दुर्गुण आहे अशी माझी समजूत होती. तो गणवेशातही राहतो, आणि तिथे तो कामाच्या पद्धतीचं, गुप्ततेचं, हद्दीचं रूप घेतो.

निवृत्त झालो त्या वर्षी मी पेणला गेलो. पेणकरने घराच्या अंगणातच स्वतःचा लहानसा कारखाना काढला होता. केस पिकायला लागले होते. मला पाहून त्याने हात पुसले, खुर्ची दिली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. रोहेकर कसा आहे, असं मी विचारलं.

"येतो ना. दर शिमग्याला येतो. पयली दोन वर्षं दाराबाहेरच बसायचा. मग आईच बोलली, आत घे त्याला. आता पोरं त्याला काका म्हणतात."

मग मी त्याला माझे ते दोन दिवस सांगितले. रोह्याची गाडी, अष्टमीचा बूथ, माझ्या मित्राची बढती. काही लपवलं नाही. तो ओल्या मूर्तीच्या कानाची कडा अंगठ्याने साफ करत ऐकत होता. खरं सांगतो, मला वाटत होतं की तो 'जाऊ द्या, साहेब' म्हणेल. लोक म्हणतात तसं.

त्याने मूर्ती फळीवर ठेवली.

"दादाचं मला तवाच कळलं होतं, साहेब. त्याला घरात घ्यायला दोन वर्षं लागली. तुमचं आज कळतंय." तो उठून उभा राहिला. "मला थोडा येळ लागंल."

मी पाणी प्यायलो, पेला खाली ठेवला आणि निघालो. पुढच्या शिमग्याला मी जाणार आहे. आत बोलावलं नाही तर बाहेर बसेन.